डोंगरावरची अ‍ॅनबाई

यंदाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काही ना काही लिहून द्यावे, असे आपल्या चिटणीसबाईंनी श्रावणातच सांगून ठेवले होते. मागच्या खेपेस मी कैरीच्या टिकाऊ पदार्थांवर लिहिले होते. ह्या खेपेस इतिहासातली एखादी कर्तबगार स्त्री घ्यावी असे ठरले. कुणी अहिल्याबाई घेतल्या, कुणी सावित्रीबाई, कुणी रमाबाई रानडे. त्या थोर स्त्रियांविषयी मी नवे काय सांगणार? मी जिचे नाव सांगितले ते बैठकीत कुणी ऐकलेलेच नव्हते. ती कोण, हे सांगितल्यावर मात्र थोडी कुजबूज झाली. ती अमेरिकेतली फोटो काढणारी बाई होती, आणि तिचे गाजलेले फोटो म्हणजे उघड्या डोंगरावर, झाडांत नि खडकांत असलेल्या विवस्त्र स्त्रियांचे आहेत. त्यांतल्या काहींत ती स्वतःच आहे.

कार्यकारिणीने लेखाला संमती दिली, पण फोटो छापायचे नाहीत असे ठरले. माझी तक्रार नाही. स्मरणिका जाहिराती देणाऱ्या दुकानदारांकडेही जाते, आणि त्यांच्या गल्ल्यावर ती कुणाच्या हातात पडेल ते सांगता येत नाही. तेव्हा शब्दांनी जमेल तेवढे दाखवते. माझे शिक्षण सातवीपर्यंत; इंग्रजी मला येत नाही. माझी पुतणी फोटोग्राफी शिकते. सुट्टीत आली की ती मला मोबाइलवर जुने फोटो दाखवते आणि खालचा मजकूर मराठीत सांगते. मी तो वहीत उतरवून घेते. हा लेख त्या वहीतून झाला आहे.

बाईचे नाव अ‍ॅन ब्रिगमन. मी तिला अ‍ॅनबाई म्हणते. तिचा जन्म 1869 साली हवाई बेटांवर, होनोलुलू गावाजवळच्या नुउआनु नावाच्या दरीत झाला. हवाई तेव्हा अमेरिकेत नव्हते. तिथे तिथल्या लोकांचे आपले राज्य होते, आपला राजा होता. अ‍ॅनबाईचे आजोळ मिशनऱ्यांचे. ती मंडळी 1828 साली धर्मप्रसारासाठी त्या बेटांवर येऊन राहिली होती. आठ भावंडांत ही थोरली. थोरल्या मुलीचे बालपण कसे जाते ते आपल्यातल्या पुष्कळजणींना सांगायला नको. पण घराबाहेर पाऊल टाकले की हिरवेगार डोंगर, पाऊस आणि समुद्र. ती सोळा वर्षांची असताना कुटुंब कॅलिफोर्नियात लॉस गॅटोस गावी आले. 1894 साली तिने मार्टिन ब्रिगमन नावाच्या, जहाजावर कप्तान असलेल्या गृहस्थाशी लग्न केले. तो वयाने तिच्याहून बराच मोठा होता. त्याच्याबरोबर तिने दक्षिणेकडच्या समुद्रांत सफरीही केल्या.

ह्या सफरींतल्या एकीची एक हकिगत आहे. ती इमोजेन कनिंगहॅम नावाच्या दुसऱ्या एका फोटोकार बाईने सांगून ठेवली आहे. अ‍ॅनबाई जहाजावर पडली, तिला जबर इजा झाली, आणि तिचा एक स्तन काढून टाकावा लागला. पुतणीने हे वाचले आणि ती मध्येच थांबली. माझे ऑपरेशन होऊन तेव्हा सव्वा वर्ष झाले होते. मंडळातल्या सगळ्यांना ते ठाऊक आहे, पाळीपाळीने डबे तुम्हीच पोचवलेत, तेव्हा इथे लपवायचे काय? मी तिला म्हटले, "थांबलीस का? पुढे वाच." पण त्या रात्री मला झोप लागली नाही, हेही खरे.

कॅमेरा तिने हाती घेतला तो 1901 च्या सुमारास, म्हणजे बत्तिशीच्या आसपास. आपल्याकडे त्या वयाला बाईचे शिकायचे दिवस संपले असे समजतात. 1902 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका मोठ्या प्रदर्शनात तिचे फोटो लागलेसुद्धा!

त्या काळचा एक वाद इथे सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचे नीट समजणार नाही. फोटो ही कला आहे की नाही, हा तो वाद. चित्रकार म्हणत, आम्ही महिनोन् महिने राबून चित्र काढतो, तुम्ही एक कळ दाबता. ते काम यंत्राचे. ह्याला उत्तर म्हणून काही फोटोकारांनी फोटोला चित्रासारखेच करायला घेतले. कडा मऊ ठेवायच्या, धुके आणायचे, भारी कागदावर हाताने छाप काढायची. न्यूयॉर्कचे आल्फ्रेड स्टिग्लिट्झ हे त्यांचे पुढारी. त्यांनी 1902 साली 'फोटो-सेसेशन' नावाचे मंडळ काढले आणि 1903 पासून 'कॅमेरा वर्क' नावाचे देखणे नियतकालिक चालवले. ते 1917 पर्यंत निघत होते. हे मंडळ म्हणजे आपल्यासारखे नव्हे, की वर्गणी भरली नि झाली सभासद! तिथे निवडून घेत. वरच्या दर्जाच्या सभासदांना 'फेलो' म्हणत. अमेरिकेच्या मधून मिसिसिपी नावाची मोठी नदी वाहते; तिच्या पश्चिमेकडच्या सगळ्या मुलखातून फेलो झाली ती एकटी अ‍ॅनबाई. घर सांभाळून, परसातल्या अंधाऱ्या खोलीत धडपडून शिकलेली बाई ती!

1906 च्या एप्रिलात सॅन फ्रान्सिस्कोला मोठा भूकंप झाला आणि मागाहून आगी लागल्या. तीन हजारांच्या आसपास माणसे गेली. अ‍ॅनबाईचे घर खाडीपलीकडे ओकलंडला होते. त्याच सुमाराला ती उन्हाळ्यात सिएरा नेवाडा डोंगरावर जाऊन राहू लागली. ही रांग कॅलिफोर्नियाच्या पूर्वेला आहे. तिथे एक 'डेझोलेशन व्हॅली' आहे. त्याचा अर्थ ओसाड दरी. आठ हजार फुटांची उंची, सगळीकडे राखी कातळ, मधूनमधून तळी, आणि खडकांच्या भेगांतून वर आलेली जुनिपर नि पाइनची झाडे. वर्षातले कित्येक महिने बर्फ आणि बारा महिने वारा. त्यामुळे झाडे सरळ वाढतच नाहीत. पिळवटतात, वाकतात, एका बाजूची फांदी वाळून पांढरी पडते नि दुसरी हिरवी राहते. काहींवर वीज पडलेली. त्या झाडांत पुष्कळशी शेकडो वर्षांची आहेत.

बरोबर कोण? तिची बहीण आणि मैत्रिणी. तंबू ठोकायचे, चुलीवर शिजवायचे, आणि दिवसभर कॅमेरा घेऊन हिंडायचे. त्या काळच्या बायकांचा पोशाख डोळ्यांपुढे आणा. कंबर आवळायला पट्ट्यांची चोळी, तिच्या दोऱ्या मागून कुणीतरी ओढून बांधायच्या, वर घोळदार घागरे, मानेपर्यंत बंद झंपर. श्वास पुरता घेता येऊ नये अशी व्यवस्था! ते सगळे उतरवून ह्या बायका त्या कातळावर उभ्या राहिल्या. पुतणी म्हणाली, "काकू, ह्यात पैसे देऊन उभ्या केलेल्या मॉडेल नव्हत्या." मला ही गोष्ट मोठी वाटते. विवस्त्र स्त्रीचे चित्र काढण्याची चाल युरोपात फार जुनी. पण काढणारा पुरुष, विकत घेणारा पुरुष, आणि समोर बसलेली बाई रोजाने आलेली. इथे कॅमेऱ्याच्या पुढेही बाई नि मागेही बाई, आणि पुष्कळदा एकच बाई.

आता फोटो सांगते. सर्वांत गाजलेला 'सोल ऑफ द ब्लास्टेड पाइन', म्हणजे उद्ध्वस्त पाइनचा आत्मा. हा ती पहिल्याने डोंगरावर राहायला गेली त्या एक-दोन वर्षांतला. एक प्रचंड झाड मधूनच मोडले आहे. खोडाचा बुंधा तेवढा उरला आहे, आणि त्याच्या चिरफळ्या भाल्यांसारख्या वर आल्या आहेत. त्या मोडक्या खोडाच्या आतून एक बाई वर येते आहे. एक हात आभाळाकडे ताणलेला. मागे नुसते ढग नि डोंगर. ती बाई म्हणजे स्वतः अ‍ॅनबाई. कमरेखाली झाड आणि वर बाई, त्यांचा सांधा कुठे आहे ते चटकन सापडत नाही.

हा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बोटांनी मोठा करकरून पाहिला. काय पाहत होते ते तुम्हाला कळलेच असेल. जी खूण मी रोज अंघोळीच्या वेळी नजर चुकवून टाळते, तीच मी तिच्या अंगावर शोधत होते. मग माझी मलाच लाज वाटली. एवढे झाड समोर, एवढे आभाळ, आणि आपण शोधतो काय! मोबाइल उलटा करून ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिला तेव्हा झाड दिसले.

दुसरा फोटो 'द बबल'. खडकातल्या गुहेसारख्या जागी पाणी आहे, काठावर एक बाई ओणवी झाली आहे, आणि तिच्यापुढे पाण्यावर एक मोठा पारदर्शक गोल तरंगतो आहे, साबणाच्या फुग्यासारखा. ती त्याच्याकडे हात नेते आहे. तिसरा 'द क्लेफ्ट ऑफ द रॉक'. भल्याथोरल्या दगडाला उभी चीर पडली आहे, आणि त्या चिरेत एक उघडी बाई उभी आहे, ज्योतीसारखी. पहिल्या नजरेला उजेडाचा पट्टाच वाटतो. आणखी एकाचे नाव 'द ड्रायड'. ग्रीक लोकांच्या जुन्या कथांत झाडात राहणारी देवता असते, तिला ड्रायड म्हणतात. हे मला कुणी समजावून द्यावे लागले नाही. वडाला दोरा गुंडाळणाऱ्या बाईला झाडात कुणी राहते हे काय सांगायचे?

एका सभासद भगिनीने बैठकीत विचारले होते, की कला-बिला ठीक आहे, पण कपडे काढायचे कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि मी त्यावर पुष्कळ विचार केला. साडी नेसलेली बाई झाडात उभी केली तर आपण आधी साडी पाहतो. नऊवारी की सहावारी, कुठल्या गावची, कुठल्या घरची, सधवा की विधवा, हे आपल्याला नुसत्या नेसण्यावरून कळते. अ‍ॅनबाईला ते कळायला नको होते. झाड कुणाच्या घरचे नसते, खडक नसतो, आणि त्यांच्यात मिसळायचे तर बाईनेही कुणाच्या घरची दिसता कामा नये. हे माझे मत आहे, पुस्तकातले नाही. आपली एकवीरेची सहल निघाली होती तेव्हा शेजारच्या कार्ल्याच्या लेण्यात आपण सगळ्या गेलो होतो. दाराच्या दोन्ही अंगांना दगडात कोरलेली जोडपी आहेत, दोन हजार वर्षांची. अंगावर दागिने पुष्कळ, वस्त्र बेताचेच. तिथे कुणी तोंड फिरवले नाही. उलट तिथेच उभ्या राहून आपण फोटो काढून घेतला. दगडातल्याला आपण सरावलो आहोत, फोटोतल्याला नाही, एवढाच फरक असेल कदाचित. पण मीही आधी दचकले होतेच, तेव्हा कुणाला दोष देत नाही.

फोटो काढून झाला की तिचे खरे काम घरी सुरू होई. निगेटिव्हवर ती पेन्सिलीने, रंगाने आणि टोकदार हत्याराने काम करी. नको असलेली फांदी खरवडून काढायची, ढग गडद करायचा, अंगाची कड खडकात विरवून टाकायची, कधी दोन निगेटिव्ह एकत्र करून एक फोटो साधायचा. पुढच्या काळातल्या फोटोकारांनी ह्याला लबाडी म्हटले. त्यांचे म्हणणे, कॅमेऱ्याने जे पाहिले ते तसेच ठेवावे. पुतणीही त्याच मताची आहे, आणि आमचा त्यावरून वाद झाला. मला विचाराल तर आमटीत गूळ घातला म्हणून डाळ खोटी होत नाही.

'कॅमेरा वर्क'च्या 1909, 1912 आणि 1913 च्या अंकांत तिचे फोटो आले. 1910 साली ती एकटीच निघून देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्कला गेली आणि आठ महिने तिकडे राहिली. ज्यांच्याशी इतकी वर्षे पत्रांतून बोलणे झाले होते ते स्टिग्लिट्झ तिला तिथे भेटले. उन्हाळ्यात मेन प्रांतात क्लॅरेन्स व्हाइट ह्या नामांकित फोटोकारांच्या वर्गात ती बसली. तेव्हा ती चाळिशीची होती. त्याच वर्षापासून ती नवऱ्यापासून वेगळी राहू लागली. त्या संसाराची आतली कहाणी दुसऱ्याने सांगू नये, म्हणून ती इथेच सोडते.

1913 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वर्तमानपत्रात तिची मुलाखत आली. तिच्या म्हणण्याचा आशय असा, की बायकांना जखडून ठेवणारी मोठी साखळी म्हणजे भीती, आणि त्या भीतीला खरा पाया काहीच नसतो. मी हे वाक्य पुतणीकडून दोनदा वाचून घेतले. मला वाटत होते ती लाजेविषयी काही बोलेल, कारण मी स्वतः इतके दिवस ह्याला लाजच समजत आले होते. ऑपरेशननंतर मी लग्नकार्यांना जाणे टाळले. गेलेच तर फोटोच्या वेळी मागच्या रांगेत, कुणा उंच बाईच्या आड. पदर दोन्ही खांद्यांवरून. कुणी काही म्हणत नव्हते. तरी मी ज्याला लाज म्हणत होते त्यात निम्म्याहून अधिक भीतीच होती: कुणी पाहील, विचारील, कीव करील. पाया त्याला काय होता? तुम्ही तर सगळे जाणतच होतात.

हे सगळे काम बिनबोभाट चालले असे मात्र नाही, आणि त्यासाठी मघाच्या त्या इमोजेन कनिंगहॅमकडे परत जावे लागते. ती अ‍ॅनबाईहून चौदा वर्षांनी लहान. 1906 साली, सिअ‍ॅटल शहरात विद्यापीठात शिकत असताना, तिने आवारातल्या गवतात विवस्त्र पडून स्वतःचाच फोटो काढला होता. 1915 मध्ये रॉय पार्ट्रिज ह्या चित्रकाराशी तिचे लग्न झाले आणि तिने माउंट रेनिअर नावाच्या बर्फाच्या पर्वतावर नवऱ्याचे विवस्त्र फोटो काढले. गोठल्यासारख्या पाण्याच्या काठी तो उभा आहे. बिचारा किती कुडकुडला असेल! ते फोटो गावातल्या साप्ताहिकात छापून आले नि मोठा गहजब झाला. बायकोने नवऱ्याला असे लोकांपुढे आणावे म्हणजे काय! पुरुषांनी शेकडो वर्षे बायकांची तशी चित्रे काढली तेव्हा काही झाले नाही, पण बाईने पुरुषाकडे तसे पाहिले आणि गाव हलले. इमोजेनबाईने ते फोटो उचलून ठेवून दिले. पन्नासहून अधिक वर्षे ते बाहेर काढले नाहीत. ती 1976 साली त्र्याण्णवाव्या वर्षी वारली. शेवटची वर्षे ती काय करीत होती, तर नव्वदीच्या आसपासच्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढीत होती. त्यांचे पुस्तक तिच्यामागे 1977 साली निघाले. त्यातल्या सुरकुत्या पाहण्यासारख्या आहेत.

महायुद्धानंतर फोटोची चाल बदलली. धुके, मऊपणा, वनदेवता हे सगळे जुनाट ठरले. लख्ख, कडक, स्पष्ट फोटो हवेसे झाले. अ‍ॅनबाईला लोक हळूहळू विसरले. 1929 साली ती समुद्रकाठी लाँग बीचला राहायला गेली. तिथे तिने लाटांनी नि वाऱ्याने वाळूवर उमटलेल्या नक्षीचे फोटो काढले. त्यांत माणूस नाही, पण ती वाळू पाहताना अंगाची वळणेच आठवतात. पुढे तिची नजर अधू होत गेली. फोटो कमी झाले आणि ती कवितेकडे वळली, त्यासाठी वर्गालाही गेली. आपल्या कविता आणि डोंगरावरचे फोटो एकत्र करून तिने पुस्तक तयार केले. 1941 साली प्रकाशक मिळाला, पण दुसरे महायुद्ध आडवे आले आणि पुस्तक छापून निघायला 1949 साल उजाडले. तिचे वय तेव्हा ऐंशीच्या घरात. पुस्तकाचे नाव 'साँग्ज ऑफ अ पेगन'. झाडे, दगड, देवदेवता पूजणाऱ्यांना ख्रिस्ती लोक पेगन म्हणत, काहीसे नाक मुरडून. मिशनऱ्यांच्या घरातल्या मुलीच्या मुलीने ते नाव आपण होऊन लावून घेतले. पुस्तक हाती आले आणि 1950 च्या फेब्रुवारीत ती गेली. 2018 साली अमेरिकेत रीनो गावच्या नेवाडा म्युझियम ऑफ आर्टमध्ये तिच्या सगळ्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा कुठे पुष्कळ लोकांना ती नव्याने कळली.

ते पुस्तक आपल्या वाचनालयात येईल अशी आशा नाही. पण पुतणीने मला तिचे बारा फोटो चांगल्या कागदावर छापून दिले आहेत. ते मी वहीत चिकटवून खाली नावे नि साले मराठीत लिहिली आहेत. ज्यांना पाहायचे असतील त्यांनी दुपारी तीननंतर माझ्याकडे यावे. मंगळवारी नको, मंगळवारी मी तपासणीला जाते. मोठ्या मुली असतील तर त्यांनाही आणा. चहा होईलच.